अकराव्या मजल्यावरचा समुद्र

माझ्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी एका पाहुणीची आहे. ती काचेच्या टाकीसमोर उभी राहिली, मासे इकडून तिकडे जाताना बघितले आणि घरच्या बाईंना हळूच म्हणाली, "अगं, पण ह्यात पाणी कधी भरणार?" तिला मासे हवेतच तरंगताना दिसत होते. घरच्या बाई हसून हसून बेजार झाल्या. मी कोपऱ्यात बादल्या आवरत होते, तिथूनच त्या पाहुणीला मनातल्या मनात नमस्कार घातला. मग बादल्या उचलून जिन्यानं खाली आले, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

मी हैदराबादेत लोकांच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. मासे विकत नाही, टाक्याही विकत नाही. पाणी नितळ ठेवायचं, एवढंच काम. आधी औषधांच्या एका कारखान्यात पाणी तपासायला होते. तिथल्या एका साहेबांनी घरच्या टाकीचं पाणी बाटलीतून आणलं आणि म्हणाले, "मंगलताई, हे जरा बघा ना, सारखं गढूळ होतंय." बघायला म्हणून गेले ती अजून परत आलेली नाही. आता साठी जवळ आली, खांदे कुरकुरतात, पण टाकीपुढे उभी राहिले की तोंडाचा आ होतोच.

आमचं घर गौलीगुड्यातलं. आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोपवून निजामाच्या काळात इथं आले आणि इथलेच झाले. घर पक्कं शाकाहारी. आमच्या स्वयंपाकघरात मासा कधी पातेल्यात आला नाही, आणि माझ्यामुळे बैठकीच्या खोलीत काचेत आला. आई होती तोवर तिचा एकच नियम होता: "त्या पाण्यात हात घालून आलीस ना? आधी आंघोळ, मग चहा." पण दुपारी सगळे झोपले की हीच आई टाकीपुढे खुर्ची ओढून बसायची आणि माशांना गावाकडच्या भावकीची नावं द्यायची.

गंमत म्हणजे खरा समुद्र मी पाहिला तो बऱ्याच टाक्या सांभाळून झाल्यावर. हैदराबादहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. विशाखापट्टणमला एका लग्नाला गेले होते, तेव्हा किनाऱ्यावर गेले. समोर एवढा थोरला समुद्र, लोक हात जोडतायत, फोटो काढतायत, आणि माझ्या तोंडून काय निघावं, "अगंबाई, किती गढूळ ठेवलाय!" नवरा अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाण्यात मीठ टाकलं की झाला समुद्र. तसं नसतं. नळाचं पाणी चालत नाही आणि बोअरचं तर नाहीच. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीलासुद्धा पांढरे थर चढतात. आधी आरओच्या यंत्रातून पाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढून घ्यायचं. मग त्यात समुद्राचं तयार मीठ मिसळायचं. त्यात नुसतं मीठ नसतं, समुद्रात असतात ते बाकीचे क्षारही असतात. यापुढची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन उडतं. इथल्या कोरड्या हवेत आणि पंख्याखाली तर बरंच उडतं. पण उडतं ते फक्त पाणी; त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. म्हणून रोज वरून साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही. खारं घालत गेलात तर महिन्याभरात लोणचं होईल.

हे झालं माझं काम. पाणी नितळ ठेवण्याचं खरं काम मात्र मी करत नाही. मासा खातो आणि घाण करतो, त्या घाणीचं विष होतं आणि त्या विषानं मासाच मरतो. त्याला वाचवतात ते टाकीतल्या दगडांच्या छिद्राछिद्रात राहणारे जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते विष खातात आणि त्याचं निरुपद्रवी काहीतरी करून सोडून देतात. नवी टाकी भरली की सुरुवातीला पाणी दुधाळ होतं. घरचे लोक फोनवर फोन करतात, "मॅडम, पाणी बदला, फिल्टर बदला, काहीतरी करा!" मी सांगते, काही करू नका, हात बांधून बसा. आणि एका सकाळी पाणी निवळलेलं असतं. कुणी गाळलेलं नसतं, कुणी औषध घातलेलं नसतं. न दिसणाऱ्यांनी येऊन घर लावून ठेवलेलं असतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी टाकीपुढे हात जोडले होते, आणि अजूनही नवी टाकी निवळली की घरचे बघत नाहीत असं पाहून जोडते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. बेगम बाजारात मिरची-मसाल्याचे एक घाऊक व्यापारी आहेत. दुकानाच्या वर घर, घरात टाकी. मी ज्या मिठाच्या डब्यासाठी अडून बसले होते, त्याची किंमत ऐकून शेठजी म्हणाले, "बाई, नमक तो नमक है. अपने यहां बोरियां पड़ी हैं, जितना होना उतना लेलो." मी आजूबाजूला पाहिलं. खोकल्याची उबळ यावी असा मिरचीचा वास भरला होता. म्हटलं, "शेठजी, मिरची भी मिरचीच है ना? फिर गुंटूर की और ब्याडगी की एकीच भाव में देते क्या?" शेठजी गादीवरून उठले. "तोबा करो बाई, कैसी बातां करते! कहां गुंटूर, कहां ब्याडगी!" मग स्वतःच थांबले, पोट धरून हसले आणि नोकराला ओरडले, "बाई जो डब्बा बोलते वोइच लाओ!" तेव्हापासून बाजारात कुणी टाकी घेतली की शेठजीच त्याला मिठावर भाषण देतात.

या धंद्याची खंतही आहे, ती लपवत नाही. हे जीव कुणीतरी कुठल्यातरी समुद्रातून उचलून आणलेले असतात. प्रवाळाला मी हातही लावत नाही, त्याला कायद्यानं बंदी आहे आणि असायलाच हवी. पण बाकीच्यांचं काय? पिशवीत भरून विमानानं येताना किती मरत असतील, हे मला विचारू नका. आणलाच आहे तर निदान इथं तो नीट जगला पाहिजे, एवढ्यावर मी स्वतःची समजूत काढते. ती रोज निघतेच असं नाही.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसले त्या वसंतकाकांकडे येते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, एका मोठ्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, अनिरुद्ध आणि केतकी राहतात. दोघं मूळचे पुण्याचे, दोघंही संगणकाच्या नोकरीत. टाकी अनिरुद्धनं हौसेनं घेतली आणि हौस फिटायच्या आत ऑफिसनं त्याला गिळलं. त्याच सुमारास त्याची आई गेली आणि वडील, म्हणजे वसंतकाका, एकटे पडले म्हणून त्यांना इकडे आणलं. काकांची नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या पाणीपुरवठ्यात झालेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते, बस चुकलेल्या माणसासारखे. इथली भाषा येत नाही, खाली ओळखीचं कुणी नाही, सून-मुलगा दिवसभर पडद्यापुढे, नात शाळेत. केतकी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "मावशी, बाबांना ह्या टाकीत जरा गुंतवा ना. दिवसभरात चार शब्दसुद्धा बोलत नाहीत."

मी गुंतवायला गेले आणि त्यांनी मलाच गुंतवलं. पाणी म्हटल्यावर काका ताठ झाले. "पाणी स्वच्छ कसं करता? क्लोरीन किती?"

"काका, क्लोरीन थेंबभर गेलं तरी सगळं मरेल."

"मग?"

मी दगडांतल्या जिवाणूंचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग टाकीजवळ जाऊन काचेला नाक लावून त्यांनी दगडांकडे खूप वेळ पाहिलं. "म्हणजे मी जन्मभर ज्यांना मारत आलो," ते म्हणाले, "तेच इथं पाणी नितळ करतायत?"

"तेच नाहीत, पण त्यांच्याच भावकीतले."

"अजब आहे," काका म्हणाले. "अजब आहे हो मंगलताई!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. दोन पाणीवाली माणसं अकराव्या मजल्यावर एका काचेपुढे उभी राहून डोळे पुसत होती आणि केतकी दारातून आमच्याकडे बघत होती.

त्या टाकीत एक समुद्रफूल होतं. नाव फुलाचं, पण आहे तो प्राणी. दगडाला एका पायानं चिकटून बसतो आणि वर बोटांसारखे शेकडो धागे पसरतो. प्रत्येक धाग्याच्या टोकाला फुगीर गाठ, रंग कोवळ्या बोरासारखा. त्या धाग्यांना डंख असतो, दुसरा मासा जवळ गेला तर अडकतो. पण नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोकर माशांची एक जोडी त्याच धाग्यांत लोळायची, झोपायची, खायला मिळालेला घास आधी त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. काकांनी हे पाहिलं आणि त्यांचा दिवस त्या तिघांभोवती फिरू लागला. सकाळी आंघोळ झाली की टाकीत पाणी घालायचं, दुपारी खाणं, संध्याकाळी काच पुसायची. मी गेले की सगळा वृत्तांत. "काल फूल जरा डावीकडे सरकलं हो. नवरा रुसला होता, बायकोनं ढुशी दिली." माशांच्या जोडीत मादी मोठी आणि मालकीण असते, हे सांगितल्यावर ते खूश झाले. "आमच्याकडेही तेच होतं," म्हणाले. बायकोबद्दल ते माझ्याशी बोलले ती पहिली वेळ.

पावसाळा सरता सरता केतकीचा फोन आला. काचेवरचं शेवाळ खायला टाकीत सोडलेल्या गोगलगायी खाली पडल्या होत्या.

मी गेले. पाणी इतकं नितळ की दगडावरची प्रत्येक रेघ दिसत होती. तपासलं, विष नाही, खारेपणा बरोबर, सगळं जागच्या जागी. मासे मजेत. गोगलगायी मात्र मेलेल्या. म्हटलं, खाणं कमी पडलं असेल. पुढच्या फेरीला कोळंबी मेली होती आणि समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. समुद्रफुलाचं तोंड असं उघडं पडलं की आम्ही मनातून निरोपाची तयारी करतो. जोकरांची जोडी त्या सुरकुतलेल्या गोळ्याला अंग घासून बघत होती आणि पुन्हा पुन्हा मागे होत होती.

काका टाकीजवळून हलत नव्हते. "काहीतरी करा मंगलताई. मी रोज नियमानं पाणी घालतो, एक दिवस चुकलो नाही. मग ह्यानं का असं करावं?"

मला काहीच कळत नव्हतं. पाणी बदललं, पंप उघडून पाहिला, गंजलेला खिळा शोधला, झुरळाचं औषध कुणी फवारलं का विचारलं. हाताला काही लागेना. इतकी वर्षं या पाण्यात हात घालून मी त्या दिवशी कोरीच्या कोरी उभी होते, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. नितळ पाण्याची भीती वाटायची ती माझी पहिलीच वेळ.

मग मी केतकीकडे प्यायला पाणी मागितलं. काका म्हणाले, "थांबा, आपलं पाणी देतो तुम्हाला. चांगलं पाणी." ते मागच्या गॅलरीत गेले. मीही मागोमाग गेले. तिथं पाटावर एक तांब्याचा हंडा होता, चिंच लावून घासलेला, लखलखीत. त्यावर ताटली, ताटलीवर ओघराळं.

"हा सुमनचा," काका म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "लग्नात माहेराहून आणलेला. रोज रात्री मी भरून ठेवायचो, सकाळी ती त्यातलं प्यायची. इथं सगळे मशीनचं पितात, मग हा पडूनच होता. ते तुमचं आरओचं पाणी हो, त्यात काही उरतच नाही, मेलेलं पाणी ते. म्हणून म्हटलं, रात्रभर तांब्यात ठेवावं आणि सकाळी फुलाला द्यावं. जीव येईल त्यात."

मी तिथंच गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले.

आपल्या घरांमध्ये तांब्यातलं पाणी म्हणजे अमृत, हे माझ्याही आईनं मला शिकवलं आहे, आणि माणसासाठी ते खरंही असेल. पण समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांना तांब्याचा अंशसुद्धा सोसत नाही. मासा तगतो; गोगलगाय, कोळंबी, समुद्रफूल मरतात. त्यातून आरओचं पाणी असं भुकेलं की ज्या भांड्यात ठेवाल त्याचं थोडंथोडं खातं. आणि टाकीतलं पाणी रोज उडत होतं, तांबं रोज मागे राहत होतं. माझ्या पेटीत तांबं तपासायचं औषध होतं; माशांच्या एका आजारावर मोजून तांबंच देतात, त्यासाठी ठेवलेलं. टाकीतलं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले. रंग चढला.

केतकीनं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. तिला सगळं कळलं होतं. "मावशी, बाबांना सांगू नका. प्लीज. आईंचा हंडा आहे तो. काहीही सांगा, मासे आजारी होते म्हणा, माझ्यामुळे झालं म्हणा, काहीही म्हणा."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. गिऱ्हाइकांना मी भरपूर गोड खोटं बोलते. पण ते पाणी रोज घालणं तर थांबवायलाच हवं होतं. मी बाहेर आले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "काका, उद्यापासून पाणी थेट मशीनमधून घाला. हंड्यात नको ठेवायला."

"का?"

"त्याला तांबं चालत नाही म्हणतात."

काका गॅलरीच्या दाराकडे वळले. एकदा हंड्याकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग त्यांचा चेहरा असा उतरला की मी खुर्ची पुढे केली.

"मोरचूद," ते म्हणाले. "मोरचूद टाकायचो हो आम्ही तलावात. शेवाळ मारायला. होडीत बसून, पोत्यातून. दुसऱ्या दिवशी काठाला गोगलगायींचा खच पडायचा. मोरचूद म्हणजे दुसरं काय? तांबंच की. हे मला ठाऊक होतं मंगलताई. मला ठाऊक होतं!"

"काका, तो हंडा होता. मोरचूद नव्हता."

"तिचा होता म्हणून सुचलं नाही," काका म्हणाले. टाकीत हात घालायच्या आधी ते नेहमी बाह्या वर करायचे, तशा वर केलेल्या होत्या. त्या त्यांनी खाली ओढल्या आणि बटणं लावली. "आता माझ्या हातात काही देऊ नका. न्या ते फूल. जगलं तर तुमचं."

समुद्रफुलाचा पाय नखानं हळूहळू दगडापासून सोडवला, बादलीत घेतलं आणि मी ते गौलीगुड्याला घरी आणलं. कुकटपल्लीच्या टाकीतले दगड, वाळू, पाणी सगळं काढलं, कारण दगडात मुरलेलं तांबं पुढे कितीतरी दिवस पाझरत राहतं. माझ्याकडचे जुने, जिवाणूंनी भरलेले दगड तिथं लावले. नळ्यांत, सांध्यांत उरलेलं तांबं शोषणाऱ्या चकत्या मिळतात, त्या नव्या पाण्यात ठेवल्या. पांढऱ्या चकत्या निळसर होऊन निघत होत्या. नितळ पाण्यातून तो निळा रंग बाहेर येताना पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला.

काकांनी टाकीकडे बघणं सोडलं. केतकी सांगायची, बाबा पुन्हा सोफ्यावर बसून असतात, जेवायला हाक मारली तर उठतात. एके दिवशी त्यांनी हंडा पिशवीत घातला आणि मोडीत द्यायला निघाले. केतकीनं लिफ्टपाशी गाठून तो त्यांच्या हातातून घेतला. वाद घातला नाही. घरी आणला, धुतला, भरला आणि त्या दिवसापासून ती, अनिरुद्ध आणि त्यांची मुलगी त्यातलंच पाणी पितात. "मी तरी काय करणार होते मावशी," ती मला म्हणाली, "मला एवढंच सुचलं." याहून चांगलं कुणाला काय सुचलं असतं, मला ठाऊक नाही.

मग एका सकाळी माझ्या दारात काका उभे. मेट्रोनं आले होते, एकटे, भाषा येत नसताना, रस्ता विचारत विचारत. "फक्त बघायला आलो," म्हणाले. "हात लावणार नाही."

समुद्रफूल अजून मुठीएवढंच होतं, पण तोंड मिटलेलं होतं. काका आईच्या खुर्चीत बसले आणि बघत राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मग येतच राहिले. मी चहा द्यायचे, ते मला तलावाच्या आणि गावच्या गोष्टी सांगायचे, पण खाऊ घालायचा चिमटा पुढे केला की हात मागे घ्यायचे. "तिकडे ती जोडी फुलाच्या रिकाम्या जागेवरून हलत नाही म्हणे," एकदा म्हणाले. "त्यांना काय सांगू?" मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. फुलाचं काय व्हायचं ते होईल, पण हा माणूस असाच कायमचा बाह्या खाली करून बसला तर, या विचारानं मला जास्त धाकधूक वाटायची. केतकीचा रोज फोन यायचा, आणि तीही फुलाची चौकशी आधी करून मग काकांचीच करायची.

दिवाळीच्या आधी आम्ही घर आवरत होतो. मी सहज टाकीकडे वळले आणि हातातला कुंचा तसाच राहिला. दगडावर दोन समुद्रफुलं होती. लहान, पण पुरती उमललेली, बोरांच्या रंगाची. मधे वीतभर जागा. एक दुसऱ्यापासून फाटून निघालं होतं आणि दोघांनी आपापली जखम मिटवली होती. असं होतं, हे मी ऐकून होते. समुद्रफूल संकटातून गेलं की कधी कधी दुभंगतं आणि दोन होऊन जगतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या घरात सकाळी दिसणं वेगळं. मी नवऱ्याला हाक मारली, शेजारच्यांना हाक मारली, मग काकांना फोन लावला आणि नुसतं "या" म्हणाले.

काका आले. चप्पल काढायची विसरले आणि तसेच टाकीपुढे जाऊन उभे राहिले. काचेला नाक लावून त्यांनी विचारलं, "ह्यातलं जुनं कोणतं?"

"दोन्ही जुनी, काका. आई आणि पिल्लू असं नाही. जे होतं तेच आता दोन ठिकाणी आहे."

"आणि म्हातारं कधी होतं?"

"म्हातारं होऊन मेलेलं समुद्रफूल कुणी पाहिलं नाही, असं जाणकार सांगतात. मारलं नाही तर ते जगतच राहतं म्हणे."

काकांनी हात जोडले, टाकीला की फुलाला ते मला सांगता येणार नाही. मी कोपऱ्यातून, चोरून जोडते तसे नाही. सगळ्यांसमोर जोडले आणि तसेच धरून ठेवले. गाल भिजले तरी पुसले नाहीत. मग त्यांनी उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. मग डावी.

"मंगलताई, बादली आहे का रिकामी?" ते म्हणाले. "एक तुमच्याकडे राहू द्या. एक त्या दोघांना नेऊन देतो."

फूल त्यांनीच सोडवलं. मी शेजारी उभी होते, पण बोट लावलं नाही. झाकणाची बादली घेऊन आम्ही रस्त्यावर आलो, रिक्षा थांबवली. चालक खाली उतरला आणि बादलीकडे हात करत म्हणाला, "लाओ बावा, पीछे रख देताऊं. आपके हात दुख जाते, कुकटपल्ली दूर है."

"नक्को," काका म्हणाले. आपलं साधं 'नको' असं हैदराबादी थाटात म्हणायला ते कुठे शिकले कुणास ठाऊक. "मेरे हात में रहने दो."

आणि ते बादली मांडीवर घेऊन बसले.